कुंपणाआड राहिलेले मसणवटे: वर्षातून एक दिवस तरी आत जाता येईल का?

पांढरीची_लेक

माझ्या आजीच्या माहेरच्या गावाच्या नावापुढे आता 'रिठी', म्हणजे उजाड गाव, असं लागतं. दुसरं महायुद्ध चालू असताना सरकारला विदर्भात दारूगोळा साठवायला जागा हवी होती, त्यात ते गाव गेलं. भांडाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रश्न त्या एकाच भांडाराचा नाही आणि तिथल्या कुणावर मला दोष टाकायचा नाही.

गाव उठलं तेव्हा आजी सात-आठ वर्षांची होती. सागवानी मयाली नि कवेलू बैलगाड्यांवर लादून लोक सोयऱ्यांच्या गावी पांगले. मारुतीची मूर्ती काढून नव्या वस्तीत बसवली. दाराच्या चौकटी गेल्या, दळायची जाती गेली, तुळशीवृंदावनाचे दगडसुद्धा कुणीकुणी नेले. मसणवटा तेवढा तिथेच राहिला. आजीचं माहेर महानुभाव, त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. आजीची आई बाळंतपणात गेली, ती तिथे आहे. तिच्यामागे आठवडाभरात गेलेलं बाळही तिथेच आहे. बाजूला मुसलमानांचं कब्रस्तान होतं, नाल्यापलीकडे गोवाऱ्यांची आणि गोंडांची जागा होती. गाव लहान होतं, पण मेलेल्या माणसांची सोय सगळ्यांची स्वतंत्र होती.

पूर्वी आतल्या गवताचा लिलाव व्हायचा. ठेकेदाराच्या कापणाऱ्या मजुरांत गावचीच माणसं असायची, त्यामुळे वर्षातून एकदा कुणीतरी आत जाऊन नारळ ठेवून यायचं. आजीचे भाऊ असेच जायचे. पुढे पहारा कडक झाला, ती पिढीही सरली. मी गेटवर गेले तेव्हा जवान अदबीने बोलले, पाणी दिलं, लेखी परवानगी आणा म्हणाले. लेखी अर्ज केला, त्याला उत्तर नाही.

जमीन परत नको, मोबदला नको. तो तुकडा कुठल्यातरी कागदावर मसणवटा म्हणून ओळखला जावा, त्यावरून रस्ता किंवा शेड जाऊ नये, आणि वर्षातून एखाद्या दिवशी, त्यांच्या पहाऱ्यात का होईना, आम्हाला तिथे उभं राहता यावं. आजी नव्वदीत आहे. ती जागा बोटाने दाखवू शकणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत, म्हणून घाई आहे. कुणी असं काही करून पाहिलंय का? कागद कुठले लागतात? अर्ज नेमका कुणाच्या नावाने करायचा?

कामठीकर

ताई, आधी एक गोष्ट नक्की करा. जागा छावणीतली (कॅन्टोन्मेंटमधली) आहे की छावणीबाहेरची? आमची कामठी १८२१ पासूनची छावणी. इथे छावणी परिषद असते, आणि २००६ च्या छावणी कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीची ठिकाणं राखणं हे परिषदेच्या कर्तव्यांत धरलेलं आहे. म्हणजे तक्रार करायला एक दार आहे. दारूगोळा भांडार, कारखाना, गोळीबाराचं मैदान यांना असली परिषद नसते. देशात लष्कराची जमीन सतरा लाख एकरांच्या वर आहे आणि तिच्यातली फक्त दीड लाखाच्या आसपास छावण्यांत येते. उरलेल्या सगळ्या जमिनीत तुमच्यासारखीच अडचण असणार.

पांढरीची_लेक

छावणी नाही दादा. निव्वळ भांडार आहे.

वऱ्हाडी_मानूस

ताई, तुमी लय नरम बोलून रायल्या. जमीन कास्तकाराची, युद्ध संपून ऐंशी वर्सं झाले, मंग परत काहून नाई मागाची? आमच्या इकडं धरणात गेलेल्या गावाइचे तेच हाल. पाणी उतरलं का मसनवटा उघडा पडते, आन् लोक चिखलात जाऊन फुलं वायतात. सरकारले मेलेल्या मानसाचं काई पडलं नसते. कोर्टात जा बाप्पा सरळ.

निवृत्त_सुभेदार

मी दारूगोळा भांडारात नोकरी केलेली आहे, म्हणून आतली बाजू लिहितो. ताईंच्या मागणीला माझा पाठिंबा आहे, हे आधीच सांगतो.

आतल्या माणसाला सगळ्यात मोठी भीती चोराची नसते, आगीची असते. ३१ मे २०१६ ची पुलगावच्या दारूगोळा भांडारातल्या आगीची रात्र विदर्भात कुणाला सांगावी लागत नाही. अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाची माणसं त्यात गेली. तेव्हापासून आतला प्रत्येक नियम त्या रात्रीकडे बघून वाचला जातो. गेटवर काडीपेटी, लायटर, मोबाइल सगळं जमा होतं. उन्हाळ्यात कुरणं वाळली की जाळरेषा कापल्या जातात, गवताच्या काडीवरही लक्ष असतं. अशा जागेत कुणी अगरबत्ती लावायला येतो म्हटलं, तर कमांडंट 'नाही' म्हणणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा: अग्नी नाही. दिवा नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. फक्त पाणी, फुलं, हळद-कुंकू. मोबाइल बाहेर ठेवू, फोटो काढणार नाही. नावांची यादी महिनाभर आधी ओळखपत्रांसह देऊ, पोलीस पडताळणी मान्य. वाहन एकच, किंवा तुमच्याच गाडीतून न्या. एवढं स्वतःहून लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याचा हात नकार लिहिताना थांबतो. नुसतं 'आमच्या पूर्वजांचे स्मशान पाहू द्यावे' असं आलं, की ते फाइलच्या तळाशी जातं, कारण 'हो' म्हटलं तर काय काय सांभाळावं लागेल हे वाचणाऱ्याला दिसत नाही.

दिवसाचाही विचार करा. अखाजीला (अक्षय तृतीयेला) तर अजिबात मागू नका.

पांढरीची_लेक

काका, अखाजीचं ऐकून जरा थबकले. आमच्याकडे पितरांची घागर अखाजीलाच भरतात, आणि आजीच्या मनात तोच दिवस आहे. पण तुमचं म्हणणं कळतंय. एप्रिल-मेमध्ये गवत सगळ्यात वाळलेलं असतं. पितृपक्षात मागावं का?

निवृत्त_सुभेदार

पितृपक्षात गवत हिरवं असतं, आगीचा धोका कमी. पण ते कमरेएवढं असतं आणि त्यात घोणस असते. नव्वदीच्या आजींना त्यातून नेणार कसं? माझ्या मते गवत कापून झाल्यावर, मार्गशीर्ष-पौषात मागा. कापणीनंतर जमीन दिसते, थडग्यांचे दगड दिसतात, वाट सापडते. घागर घरी अखाजीलाच भरा, दर्शनाला थंडीत जा.

नूरी_मोहल्ला

ताई, आमचे पणजोबा तुमच्या आजींच्याच गावातले असतील असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, खात्री करून सांगेन. आमच्याकडे शब-ए-बारातला कबरींवर जातात. ती रात्र, आणि चंद्राच्या हिशेबाने दरवर्षी सरकते. रात्री आत जाणं शक्य नाही हे आम्हालाही कळतं. थंडीतला दिवस ठरला तर आम्ही त्याच दिवशी फातिहा पढू. सगळ्यांनी एकच दिवस मागितला तर सैन्यालाही सोपं जाईल.

अजून एक. आमचं कब्रस्तान वक्फच्या नोंदीत नाही. १९५४ चा कायदा येऊन मोजण्या व्हायच्या आतच गाव उठलं होतं. त्यामुळे लोक 'वक्फकडे जा' म्हणतात तेव्हा तिथे दाखवायला काहीच नसतं. कागदाची वाट कुणी दाखवली तर आम्हीही त्याच वाटेने येतो.

मिसलबंद

महसूल खात्यात नोकरी झाली, अभिलेख कक्षात बरीच वर्षं काढली. कागदांचं सविस्तर लिहितो.

विदर्भातल्या स्मशानांची, कब्रस्तानांची नोंद म्हटलं की सगळे निस्तार पत्रकाचं नाव घेतात. बरोबरच आहे. जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १६१ निस्तार पत्रकाचं आणि १६५ वाजिब-उल-अर्जचं, म्हणजे गावच्या वहिवाटींच्या नोंदीचं. ही मध्यप्रांताकडून आलेली वहिवाट आहे, उरलेल्या महाराष्ट्राला ती ठाऊक नाही. गावाच्या पडीक जमिनीवर कुणाचा काय हक्क, गुरं कुठे चरतील, सरपण कुठून येईल, मुडदा कुठे नेतील, हे सगळं त्यात असतं.

पण ताईंच्या गावाला ते लागू पडणार नाही. मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत सारा गोळा करायची पद्धत, ३१ मार्च १९५१ ला संपली आणि आज हाती येणारी निस्तार पत्रकं त्यानंतरची आहेत. गाव त्याआधीच उठलेलं. माणसंच नाहीत तिथे निस्तार कुणाचा लिहिणार? म्हणून त्याच्या मागे जावं लागेल. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मालगुजारी काळातली बंदोबस्त मिसल, म्हणजे गावच्या जमीन-महसुलाचं जुनं दप्तर, मागा. जातीच्या दाखल्यासाठी लोक जी मिसल काढतात तीच. तिच्यात त्या मौजाचा खसरा, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांची नंबरवार नोंद, असतो, आणि बंदोबस्ताच्या वेळचं वाजिब-उल-अर्ज असतं. खसऱ्यात एखाद्या नंबरापुढे 'मरघट', 'मसान', 'कब्रस्तान' असं काही लिहिलेलं सापडेल. नोंदी हिंदी वळणाच्या असतात, काही मोडीत असतात, त्यामुळे नुसतं 'स्मशानभूमी' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. जोडीला बंदोबस्ताचा गावनकाशा भूमी अभिलेखच्या कार्यालयातून घ्या. खसरा नंबर आणि नकाशा जुळला की तुमचा तुकडा कागदावर उभा राहिला.

आता जमीन गेली कशी ते बघा. युद्धकाळात दोन वाटा होत्या. एक, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने कायमचं संपादन. दुसरी, भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ खाली अधिग्रहण, म्हणजे ताबा सरकारचा, मालकी मूळ माणसाची. युद्ध संपल्यावर अधिग्रहणातल्या काही जमिनी परत झाल्या, काही १९४७ आणि १९५२ च्या कायद्यांखाली तशाच चालू राहून पुढे संपादित झाल्या. तुमची कुठल्या वाटेने गेली हे त्या काळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजपत्रातल्या अधिसूचनेवरून कळेल. नागपूरच्या पुराभिलेखागारात ती राजपत्रं बघायला मिळतात.

संपादन झालं असेल तर निवाडा मिळवा. कुठल्या खसऱ्याचे पैसे कुणाला दिले, हे त्यात असतं. कास्तकारांनी शेताचा मोबदला घेतला, मालगुजाराने आपला. मसणवटा कुणाच्याच नावावर नव्हता, त्याच्यासाठी कोण उभं राहणार होतं? तो खसरा निवाड्यात वेगळा दाखवलेला दिसला, तर तिथे मसणवटा होता हे सरकारनेच त्या वेळी लिहून ठेवलं आहे, आणि याहून बळकट कागद दुसरा नाही.

वऱ्हाडी भाऊंनी कोर्टाचं लिहिलं. १८९४ च्या कायद्यातलं कलम १६ स्पष्ट आहे: ताबा घेतल्यावर जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारकडे जाते. वहिवाटीचा हक्क त्याच क्षणी संपला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०१ दफनभूमीतल्या अतिक्रमणाचं आहे, पण त्याला भावना दुखावण्याचा हेतू किंवा जाणीव लागते, ते इथे बसत नाही. म्हणून हक्क म्हणून भांडण्यापेक्षा सोय म्हणून मागा. लवकर मिळण्यासारखी तीच गोष्ट आहे.

वऱ्हाडी_मानूस

मिसलबंद काका, एवढं कोनी सांगत नाई. मी माया शब्द मागं घेत नाई, मसनवट्यावर हक्क गावाचाच हाय असंच मले वाटते. पन आजीचं दर्शन पयले व्हाव, भांडन मंग.

टेम्सकाठी

मूळचा यवतमाळचा, आता इंग्लंडात. इथलं एक उदाहरण देतो. सॅलिसबरी प्लेनवर इम्बर नावाचं खेडं आहे. १९४३ च्या डिसेंबरात सैन्याच्या सरावासाठी ते रिकामं करवलं. लोकांना वाटलं होतं की युद्ध संपलं की परत येऊ. तसं झालं नाही, आजही तो सगळा पट्टा लष्कराकडे आहे. पण गावातलं सेंट जाइल्सचं चर्च आणि त्याभोवतीचं दफनस्थान वेगळं कुंपण घालून राखलेलं आहे, आणि वर्षातल्या ठरलेल्या दिवशी रस्ता सगळ्यांसाठी उघडतात. मी एकदा गेलो होतो. घरांच्या जागी सैन्याने सरावासाठी बांधलेल्या नुसत्या भिंती उभ्या आहेत, आणि मध्ये चर्चचा आवार गवत कापलेला, नीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या: न फुटलेले गोळे असू शकतात, वाट सोडू नका. लोक शिस्तीत चालत होते.

डॉर्सेटमधलं टाइनहॅमही त्याच महिन्यात रिकामं झालं. जाताना गावकऱ्यांनी चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली होती: आम्ही परत येऊ, तोवर गाव जपा. ते परतले नाहीत, १९४८ मध्ये सरकारने जमीन कायमची घेतली. तरी आता बहुतेक शनिवार-रविवारी तिथे जाता येतं. दोन्ही ठिकाणी मालकी सैन्याकडेच राहिली, आणि तरी वाट उघडली. ताईंची मागणी याहून कितीतरी लहान आहे.

नाहाहून

जपानात शिकते आहे. ओकिनावात अमेरिकी तळांच्या आत स्थानिक लोकांची कुळाची थडगी आहेत, कादेना आणि फुतेन्मा या मोठ्या विमानतळांच्या हद्दीतसुद्धा. एप्रिलच्या सुमाराला तिथे शीमी नावाचा पितरांचा सण असतो. सगळं कुटुंब थडग्यासमोर बसून डबे उघडतं, जेवतं. त्या दिवसांत तळावरचे लोक त्या कुटुंबांना आत सोडतात. परक्या देशाचं सैन्य जर हे करू शकतं, तर आपलं सैन्य आपल्याच आजीसाठी नक्की करेल असं मला वाटतं.

कामठीकर

लांब कशाला जायचं, नागपूरचा सीताबर्डीचा किल्लाच घ्या. तो सैन्याच्या ताब्यात आहे. १८१७ च्या नोव्हेंबरातल्या लढाईत मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या कबरी आत आहेत, नवगजा बाबांची मजारही आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला किल्ला लोकांसाठी उघडतात. शाळेची पोरं, म्हातारेकोतारे, मजारीवर जाणारे, सगळे रांगेने जातात. दिवस ठरवून आत सोडण्याची पद्धत आपल्याच विदर्भात आहे. अर्जात हे उदाहरण जरूर द्या.

आणि एक सल मनातला. कामठीतल्या, परतवाड्यातल्या गोऱ्यांच्या कबरींची नोंद घेणारे लोक आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरींसाठी १९७६ पासून इंग्लंडात एक संस्थाच काम करते. महायुद्धांत पडलेल्यांसाठी राष्ट्रकुलाचा युद्धकबर आयोग १९१७ पासून आहे. ते चांगलंच आहे. पण त्याच मातीत माती झालेल्या आपल्या कुणब्याची, तेल्याची, अन्सारीची एका ओळीचीही नोंद नाही. नाव कोरलेला दगड ज्याच्या उशाला आहे त्याचीच यादी होते, हे मला फार लागतं.

माळरानी

मी गोंड समाजातली, चंद्रपूरकडची. आमच्या जुन्या जागांना भिंत नसते, पाटी नसते, नाव नसतं. उभे रोवलेले दगड असतात, काही गुडघ्याएवढे, काही माणसाएवढे. ज्याला माहीत नाही त्याला ते शेताच्या बांधाचे दगड वाटतात, आणि जेसीबीवाला सकाळी येऊन दुपारपर्यंत सपाट करून जातो. त्यात वाईट हेतू नसतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या नाल्यापलीकडची जागा आमच्या लोकांची असेल तर अर्जात तिचाही उल्लेख करा आणि दगड हलवू नयेत एवढं स्पष्ट लिहा. आत जायला मिळालं नाही तरी चालेल, दगड आपल्या जागी राहू द्या. आमच्यासाठी ते आधी.

आपल्या भागात मेलेल्यांसाठी दगड मांडणं काही आजचं नाही. नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या दफनांची. ती पुरातत्त्व खात्याने राखली आहेत. आमच्या आज्या-पणज्यांचे दगड शंभर वर्षांचे, म्हणून त्यांना कोणतंच खातं नाही.

पांढरीची_लेक

माळरानी ताई, नाल्यापलीकडची जागा मी पहिल्याच अर्जात लिहायला हवी होती. आता नक्की लिहीन, दगडांचं वाक्य तुमच्याच शब्दांत.

तुम्हा सगळ्यांचं वाचून आजीजवळ वही घेऊन बसले. कुठे कोण आहे ते विचारलं. मला वाटलं होतं दोन-चार नावं येतील. ती डोळे मिटून सांगत गेली. तिचेच शब्द लिहिते:

'मोठी चिच होती, तिच्यापासून नाल्याकडं चालत जाचं. पयली रांग आमच्या घरची. मायले तेथीच माती देल्ली, तिच्या उशाले बाळ. मंग पाटलाच्या घरचे. मंग थो शिंप्याचा, ज्याले सरप डसला होता. लेकराइले अलग जागा, मोहाच्या झाडाखाली. दात न आलेले सगळे तथीच. मोहाचे फुलं पडत त्याइच्यावर.'

मग विहिरी. कुठली गोड्या पाण्याची, कुठली मोटेची, कुठल्या विहिरीवरून मसणवट्याची वाट फुटायची. चिंच आणि मोह आता असतील का माहीत नाही. पण विहीर तर असेल ना? एका लेकराची जागा सांगताना ती थांबली, नाव आठवेना. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून नाव सांगितलं.

निवृत्त_सुभेदार

विहिरींचं फार कामाचं आहे. आमच्या युनिटात आतल्या प्रत्येक जुन्या विहिरीची नोंद होती, आग लागली तर पाणी कुठून घ्यायचं यासाठी. झाड तोडलं जातं, वठतं, विहीर बुजवली तरी ठिकाण कळतं. 'अमुक विहिरीच्या पूर्वेला, नाल्याच्या अलीकडे' असं लिहिलंत तर आतला माणूस जीपने जाऊन बघून येऊ शकतो. 'चिंचेजवळ' लिहिलं तर त्याला काहीच सापडणार नाही.

धागा_व्यवस्थापक

विनंती: या धाग्यात कुठल्याही लष्करी ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, उपग्रह चित्रं किंवा आतले नकाशे टाकू नका. ड्रोन उडवण्याचा विचारही नको. १९२३ चा गोपनीयता कायदा कडक आहे, आणि धाग्यातल्या चांगल्या मागणीला त्याने धक्का बसेल. बंदोबस्ताचा जुना गावनकाशाही इथे चढवू नका, अर्जासोबत द्या.

मिसलबंद

व्यवस्थापकांचं बरोबर आहे.

अर्ज कुणाला ते राहिलं. मूळ अर्ज भांडाराच्या कमांडंटना. प्रत ज्या मंडळात जमीन येते त्या संरक्षण संपदा अधिकाऱ्याला, कारण जमिनीची दप्तरं त्यांच्याकडे असतात, कमांडंट दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. नव्या वस्तीची ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडा. एकट्या नातीचा अर्ज आणि गावाचा ठराव यांत फार फरक पडतो.

माहितीचा अधिकारही वापरा, पण नेमका. 'आत काय आहे' असं विचारलंत की कलम ८(१)(क) दाखवून नकार येईल, आणि तो योग्यही असेल. विचारायचं असं: हद्दीतील धार्मिक व दफनाच्या स्थळांची यादी ठेवली आहे का, आणि नातेवाइकांना प्रवेश देण्याची काही कार्यपद्धती ठरलेली आहे का. यात सुरक्षेला धक्का लावणारं काही नाही. जो भाग देता येतो तो कलम १० प्रमाणे वेगळा काढून द्यावा लागतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत.

अर्जाचा मसुदा देतो, हवा तसा बदला:

'मौजा अमुक (रिठी) येथील आम्ही मूळ रहिवाशांचे वारस. सदर गाव संरक्षण खात्याकडे गेल्याने तेथील दफनभूमी, कब्रस्तान व आदिवासींचे स्मृतिदगड आपल्या हद्दीत आहेत. बंदोबस्त खसरा क्रमांक अमुक, गावनकाशाची नक्कल सोबत. जमिनीवर आमचा कोणताही दावा नाही. विनंती अशी की (अ) सदर जागा आपल्या अभिलेखात दफनस्थान म्हणून नोंदवावी व तेथील दगड हलवू नयेत. (ब) गवतकापणीनंतर वर्षातून एक दिवस, आपण ठरवाल त्या तारखेस व वेळेस, आपल्या पहाऱ्यात, पूर्वपडताळणी झालेल्या मर्यादित वारसांना दर्शनाची मुभा द्यावी. कोणताही अग्नी, मोबाइल, छायाचित्रण होणार नाही. प्रवेश शक्य नसल्यास (अ) पुरती विनंती मान्य करावी.'

शेवटचं वाक्य काढू नका. दुसरी मागणी फेटाळली तरी पहिली जिवंत राहते. जागा एकदा त्यांच्या नोंदीत चढली की पुढच्या कमांडंटला नव्याने समजवावं लागत नाही, आणि नव्या शेडची आखणी करणाऱ्या अभियंत्याच्या समोर ती येते.

नदीपल्याड

वाचत होते फक्त, आता राहवलं नाही. माझे सासरे याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका उठलेल्या गावचे. त्यांच्या गावचा कागद कुणी शोधलेलाच नाही. ते गेले, आता घरात सांगणारं कुणी नाही. नव्या कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, पुनर्वसित गावाला स्मशान-दफनभूमी द्यायची हे तिसऱ्या अनुसूचीत लिहिलंय. पण जुन्या जागेत राहिलेल्यांचं काय, हे त्यातही कुठे दिसलं नाही. मिसल काढायची तर आमच्या गावाचीही सोबतच काढता येईल का?

मिसलबंद

येईल. मौजा, जुना तालुका आणि पटवारी हलका लिहून वेगळा अर्ज करा. जुना तालुका नीट बघा, पुढे हद्दी बदलल्या आहेत. नक्कल हातात आली की खसरा नंबर मला निरोपात पाठवा, इथे टाकू नका. वाचून देतो, मोडी असेल तर तीही.

नूरी_मोहल्ला

घरी विचारलं. गाव तेच निघालं. पणजोबांचा रंगाऱ्याचा धंदा होता, घर वेशीजवळ. ताई, तुमच्या आजींना विचाराल का, रंगाऱ्याचं घर आठवतं का? आमच्याकडे पाच माणसं यायला तयार आहेत.

पांढरीची_लेक

विचारलं. 'रंगाऱ्याची अमिना माह्यासंग खेळे' म्हणाली. ती तुमची कोण?

नूरी_मोहल्ला

आजीची थोरली बहीण. घरात आज सगळ्यांना फोन झाले. यादीत आमची नावं लिहा ताई, ठराव घ्यायला ग्रामसभेलाही येतो.

निवृत्त_सुभेदार

यादी करताना आधार क्रमांक इथे कुणी टाकू नका, अर्जासोबत बंद पाकिटात द्या. संख्या वीसच्या आत ठेवा, दोन बाया-माणसं अशी निवडा की ज्यांना आजींना धरून चालता येईल. चाकाची खुर्ची न्यायची असेल तर तेही आधीच लिहा, गेटवर ऐनवेळी तपासणीत वेळ जातो. गवतकापणी साधारण कधी संपते ते मी ओळखीच्या एका ठेकेदाराला विचारून दोन दिवसांत सांगतो.